इंटरनेटवरचे स्वतंत्र विनोदी आणि समीक्षेचे शो : सांगली-साताऱ्याच्या प्रेक्षकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली-मिरजेतल्या नाटकवाल्या मित्रमैत्रिणींना मी बरीच वर्षं यूट्यूबवरचे शो सुचवत आले आहे. साताऱ्याला मावशीकडे गेले की तिथंही हाच विषय निघतो. प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून काढली. ज्यांनी यातलं काहीच पाहिलेलं नाही त्यांनी पहिल्यापासून वाचावं, बाकीच्यांनी हवा तो प्रश्न गाठावा.

टीव्हीवर एवढे विनोदी कार्यक्रम असताना हे शो वेगळे कशासाठी बघायचे?

कारण इथे काय दाखवायचं हे करणारा स्वतः ठरवतो. दर गुरुवारी येणारा टीआरपी बघून कुणी त्याची पात्रं बदलत नाही. बजेट कमी असतं, पण तेवढ्यानं शो स्वतंत्र ठरत नाही. कमी पैशात केलेली मिंधी कामंही भरपूर आहेत. मी दोन गोष्टी बघते. समीक्षेच्या शोमध्ये, न आवडलेल्या गोष्टीला ‘नाही आवडली’ म्हणायची माणसाला मोकळीक आहे का? आणि विनोदी शोमध्ये, ज्या माणसांबद्दल विनोद चाललाय त्यांच्याच बोलीत, त्यांच्याच अंगणात तो घडतोय का? या दोन्हींना ‘हो’ असेल तर कॅमेरा हलला, आवाज फाटला तरी मला चालतं.

सुरुवात कुठून करू?

जवळून करा. कोरी पाटी प्रॉडक्शनची ‘गावाकडच्या गोष्टी’ ही नितीन पवारांची वेबसिरीज सातारा जिल्ह्याच्या मातीतली आहे. संत्या आणि त्याची दोस्तमंडळी, पारावरच्या गप्पा, शेतीची ओढाताण, जमणारी आणि फिसकटणारी प्रेमं. यात गाव ‘गावासारखं’ सजवलेलं नाही. माणसं दारात बसून बोलतात तेव्हा मागे खरंच कुणाचं तरी घर असतं, आणि बोलणं साताऱ्याकडचं आहे तसं येतं. मोठ्या पडद्यावर आपली बोली बहुतेक वेळा नोकराच्या किंवा गुंडाच्या तोंडी आलेली आपण पाहिली. इथे ती नायकाच्या तोंडी आहे, आणि त्याचं मोल फार मोठं आहे.

त्यानंतर बारामती तालुक्यातल्या कांबळेश्वरची ‘चांडाळ चौकडीच्या करामती’. रामभाऊ आणि बाळासाहेब ही जोडी एव्हाना खेडोपाडी माहीत झाली आहे. भागाच्या शेवटी उपदेश येतो आणि कधीकधी तो लांबतो, हे खरं. पण त्याआधीची फसवाफसवी, सोंगं घेणं, भाबडेपणातून होणारे घोटाळे हे अस्सल आहे. तमाशातला सोंगाड्या ज्यांनी पाहिलाय त्यांना ही माणसं लगेच ओळखीची वाटतील.

शहरी बाजूला ‘भाडिपा’, म्हणजे भारतीय डिजिटल पार्टी. सारंग साठ्ये, अनुषा नंदकुमार आणि पॉला मॅकग्लिन यांनी सुरू केलेलं यूट्यूब चॅनेल. रेणुका दफ्तरदार आणि आलोक राजवाडे यांचे आई-मुलाचे भाग आधी बघा. अमेय वाघ आणि निपुण धर्माधिकारी यांचा ‘कास्टिंग काऊच’ हा मुलाखतीचा आव आणून केलेला कार्यक्रमही तिथलाच. पाहुणा कसलेला असला की त्या भागांना रंग चढतो.

मराठीत हे सगळं एकदम २०१६ नंतरच कसं काय उगवलं?

त्या वर्षी सप्टेंबरात जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला, हे सरळ कारण. त्याआधी महिन्याचा एखादा जीबी जपून वापरायचा म्हटल्यावर तासगावातला माणूस वीस मिनिटांचा भाग मोबाइलवर बघणार कसा? ‘भाडिपा’ आणि ‘कास्टिंग काऊच’ दोन्ही २०१६ चीच.

पण बी इथे आधीपासून होतं, आणि हे मी सांगलीकर म्हणून अभिमानानं सांगते. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ उभं केलं. पठ्ठे बापूराव वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे. सांगलीपासून हाकेच्या अंतरावरचं कवलापूर हे तमाशातल्या काळू-बाळू या जोडीचं गाव. लहू आणि अंकुश खाडे हे जुळे भाऊ, आणि दिसण्यातल्या सारखेपणाचाच त्यांनी विनोदासाठी वापर केला. तमाशात गण, गवळण झाली की बतावणी येते आणि मग वग. बतावणीत सोंगाड्या त्या त्या गावाचं, त्या वर्षीच्या पावसाचं, सावकाराचं, पुढाऱ्याचं नाव घेऊन जागच्या जागी टोला देतो. विनोद आणि परखड मत एकाच तोंडून यायची सवय आपल्याला तिथून लागलेली आहे. साधन तेवढं बदललं.

सिनेमांवरचे विनोदी रिव्ह्यू बघायचे आहेत. हिंदी-इंग्रजीत काय बघू?

आधी कनन गिल आणि बिस्वा कल्याण रथ यांचे ‘प्रिटेन्शस मूव्ही रिव्ह्यूज’. दोन माणसं, एक सोफा आणि आपण सगळ्यांनी केबलवर पाहिलेले हिंदी सिनेमे. बोलणं इंग्रजी-हिंदी मिसळीचं आहे, सिनेमा आधीच पाठ असल्यामुळे संदर्भ शोधावा लागत नाही. दोघांचा सिनेमावर राग नाही, हे मला फार आवडतं. एखाद्या प्रसंगाचा तर्क ते शेवटपर्यंत ताणतात आणि तो आपोआप कोसळतो.

तिथून पुढे अमेरिकेतल्या मिलवॉकीचं ‘रेड लेटर मीडिया’. त्यांच्यावर वेगळा प्रश्न येतोच, तो पुढचा.

सत्तर मिनिटांचा रिव्ह्यू? एवढा वेळ कोण बघतं?

डिसेंबर २००९ मध्ये रेड लेटर मीडियाच्या माइक स्टोक्लासा यांनी ‘स्टार वॉर्स’ मालिकेतल्या १९९९ च्या ‘द फँटम मेनस’ या सिनेमाची समीक्षा टाकली. साधारण सत्तर मिनिटांची, आणि सात तुकड्यांत, कारण यूट्यूबवर तेव्हा एका व्हिडिओला दहा मिनिटांची मर्यादा होती. बोलतो कोण, तर मिस्टर प्लिंकेट नावाचा घोगऱ्या, रटाळ आवाजाचा विक्षिप्त म्हातारा. हे सोंग आहे. त्या सोंगाच्या आडून पटकथेचं जे विच्छेदन होतं ते वर्गात शिकवावं इतकं नेमकं आहे.

एकच जागा सांगते. प्लिंकेट काही लोकांना समोर बसवून सांगतो : या पात्राचं वर्णन करा, पण ते कसं दिसतं, काय कपडे घालतं आणि त्याचं काम काय आहे, हे तिन्ही सांगायचं नाही. जुन्या ‘स्टार वॉर्स’ सिनेमांतला हान सोलो म्हटल्यावर लोक धडाधड बोलतात : बेफिकीर, थापाड्या, पण मनानं चांगला. नव्या सिनेमातली राणी अमिडाला म्हटल्यावर माणसं अडखळतात, शब्दच सापडत नाहीत. सिनेमा का फसला हे त्या शांततेत कळतं, वेगळं सांगावं लागत नाही.

हाच खेळ आम्ही विश्रामबागेत एका मैत्रिणीच्या घरी करून पाहिला. रोज संध्याकाळी बघितल्या जाणाऱ्या एका मालिकेची सून घेतली. साडी, मंगळसूत्र, नोकरी, नातं हे सगळं बाद. ‘सोशिक’ एवढा एक शब्द आला आणि थांबलं. मग संत्याचं नाव घेतलं, तर मैत्रिणीचे सासरेसुद्धा मध्ये पडले : हट्टी आहे, पण मित्रासाठी मागं हटत नाही, बोलायच्या वेळी नेमकं बोलत नाही. सत्तर मिनिटांच्या समीक्षेतून एवढी एक कसोटी हाती लागली तरी वेळ सार्थकी लागला असं मी मानते. नवीन संहिता हातात आली की आता आमच्यातला कुणी ना कुणी ती लावून बघतोच.

इंग्रजी नीट समजत नाही. मग हे माझ्यासाठी नाहीच का?

आहे. ‘एव्हरी फ्रेम अ पेंटिंग’ बघा. टोनी झोऊ आणि टेलर रामोस यांनी २०१४ पासून काही वर्षं केलेल्या या छोट्या समीक्षा आहेत, आणि मुद्दा चित्रातून मांडलेला असतो. जॅकी चॅनच्या विनोदी मारामारीवरचा भाग निवडा. हाँगकाँगच्या सिनेमात फटका आणि तो लागल्यावरची वेदना एकाच चौकटीत दिसतात. अमेरिकी सिनेमात फटक्याच्या क्षणी कट मारतात आणि जोर निघून जातो. दोन्ही तुकडे एकापाठोपाठ दाखवले आहेत. शेजारच्या काकूंना मी हा भाग आवाज बंद करून दाखवला. दुसऱ्या तुकड्यावर त्या लगेच म्हणाल्या, “अगं, ह्याला लागलंच नाही.” भागाचा सगळा मुद्दा तोच आहे.

बाकीच्यांसाठी सबटायटल लावा आणि वेग थोडा कमी करा. प्लिंकेट आधीच संथ बोलतो, तो समजायला सोपा जातो.

सिनेमा चालू असताना पुढे बसून शेरे मारणारा तो कार्यक्रम कोणता?

‘मिस्टरी सायन्स थिएटर ३०००’. हा इंटरनेटच्या आधीचा, १९८८ मध्ये मिनियापोलिसच्या एका स्थानिक वाहिनीवर जोएल हॉजसन यांनी सुरू केलेला. एक माणूस आणि दोन यंत्रमानव, खाली कोपऱ्यात त्यांच्या सावल्या, समोर एखादा पडेल सिनेमा. पुढच्या कित्येक समीक्षा-शोंचं मूळ इथे आहे, म्हणून यादीत ठेवला. एखादा भाग पुरे, लागोपाठ बघितले तर थकायला होतं.

आणि व्हिडिओ गेमवाला?

‘अँग्री व्हिडिओ गेम नर्ड’, जुन्या गेमवर चिडून बोलणारा जेम्स रोल्फ यांचा समीक्षेचा शो. २००४ मध्ये घरी केलेले पहिले व्हिडिओ २००६ मध्ये यूट्यूबवर आले. पिवळ्या कॅसेटचे गेम ज्यांनी टीव्हीला जोडून खेळले आहेत त्यांना भावेल. शिव्या भरपूर आहेत.

आधी सिनेमा बघायचा की आधी रिव्ह्यू?

सिनेमा चांगला असण्याची शक्यता असेल तर आधी सिनेमा. पडेल सिनेमांच्या विनोदी रिव्ह्यूला हा नियम लावायची गरज नाही.

घरच्यांसोबत काय बघता येईल?

‘चांडाळ चौकडी’ बिनधास्त. ‘गावाकडच्या गोष्टी’ही. ‘एव्हरी फ्रेम अ पेंटिंग’ शाळकरी मुलांसोबतही चालेल. प्लिंकेट मात्र मुलांसमोर लावू नका, त्या सोंगाचा विनोद काळा आहे आणि काही जागा खरोखर विकृत आहेत. समीक्षा म्हणून मला ती मोलाची वाटते, पण त्या जागा नसत्या तर आणखी बरं झालं असतं.

पैसे घेऊन केलेला रिव्ह्यू कसा ओळखायचा?

भारतात जाहिरात मानक परिषदेनं २०२१ मध्ये नियम घालून दिले की पैसे किंवा भेट घेऊन केलेला मजकूर तसा जाहीर करायचा. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानंही जानेवारी २०२३ मध्ये अशाच सूचना काढल्या. यूट्यूबवर व्हिडिओच्या सुरुवातीला कोपऱ्यात सशुल्क जाहिरात असल्याची पट्टी येते, ती आधी बघा. पण सगळे प्रामाणिकपणे लावतातच असं नाही.

मग कान वापरा. रिव्ह्यू करणाऱ्यानं सिनेमातला एकही प्रसंग नेमका सांगितला नाही, सगळं ‘जबरदस्त’, ‘कमाल’, ‘आवर्जून बघा’ यातच चाललंय, तर मला शंका येते. ज्यानं खरंच पाहिलंय त्याला एखादी जागा सांगितल्याशिवाय राहवत नाही. दुसरी खूण : गेल्या सहा महिन्यांत या माणसानं एकाही सिनेमाला वाईट म्हटलेलं नसेल, तर त्याच्या चांगल्या शब्दालाही वजन नाही. मराठी सिनेमाच्या बाबतीत ‘आपलाच आहे, सांभाळून घ्या’ हा सूर मला सगळ्यात जास्त खुपतो. सांगलीचा प्रेक्षक नाटक पडलं तर तोंडावर सांगतो, आणि म्हणूनच त्याच्या टाळीची किंमत नटांना कळते.

हे लोक कमावतात कशावर?

यूट्यूबच्या जाहिरातींचा वाटा मिळायला १,००० सबस्क्रायबर आणि मागच्या बारा महिन्यांत ४,००० तास पाहणं लागतं, हा नियम २०१८ पासूनचा. २०२३ मध्ये ५०० सबस्क्रायबर आणि ३,००० तासांची खालची पायरी आली, पण तिथे जाहिरातींचा वाटा नाही, प्रेक्षकांकडून थेट मिळणारे पैसे घेता येतात. लांब व्हिडिओच्या जाहिरातींतला ५५ टक्के हिस्सा निर्मात्याला मिळतो. एवढ्यावर माणसं, गाडीभाडं आणि जेवण भागत नाही, म्हणून प्रायोजक येतात.

थेट प्रेक्षकांचा पैसा हा मला सगळ्यात निरोगी मार्ग वाटतो. ‘मिस्टरी सायन्स थिएटर’ पुन्हा सुरू करण्यासाठी २०१५ मध्ये चाहत्यांनी किकस्टार्टर या वर्गणी जमवायच्या साइटवर ५७ लाख डॉलरहून जास्त जमवले. आपल्याकडे एवढं होणार नाही, पण चॅनेलची मेंबरशिप घेता येते, तिकीट लावलेल्या प्रयोगाला जाता येतं. सर्कशीला, तमाशाला, नाटकाला आपण तिकीट काढत आलोच आहोत.

सिनेमाच्या क्लिपा वापरल्या तर केस होते का?

कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्ये टीका किंवा समीक्षेसाठी केलेल्या उचित वापराला सूट आहे. म्हणजे मुद्दा सिद्ध करण्यापुरता तुकडा, त्यावर तुमचं भाष्य. अख्खं गाणं लावून शेवटी ‘छान आहे’ म्हणणं समीक्षेत बसत नाही.

अडचण कायद्यापेक्षा यंत्रणेची आहे. यूट्यूबची कंटेंट आयडी व्यवस्था तुकडा आपोआप ओळखते आणि तिला उचित वापर कळत नाही. जाहिरातीचे पैसे हक्कदाराकडे वळतात किंवा व्हिडिओ अडतो. मालकानं रीतसर तक्रार केली तर चॅनेलवर स्ट्राइक, म्हणजे यूट्यूबची ताकीद, येतो. नव्वद दिवसांत तीन स्ट्राइक आले की चॅनेल जाऊ शकतं. प्रतिवाद दाखल करता येतो आणि तो करावा, फक्त थोडा धीर लागतो. टोनी झोऊंनी नंतर सांगितलं आहे की त्यांच्या चॅनेलची संकलनशैलीच या यंत्रणेतून पार पडण्यासाठी घडत गेली. छोटे तुकडे, मूळ आवाज कमी आणि वर सतत निवेदन हा मार्ग आपल्यालाही चालतो.

विनोद अंगाशी येतो का?

येतो. एआयबी या विनोदी गटाचा रोस्ट, म्हणजे पाहुण्यांची त्यांच्यासमोरच टर उडवणारा कार्यक्रम, जानेवारी २०१५ मध्ये इंटरनेटवर आला आणि तक्रारींनंतर काढावा लागला. फेब्रुवारी २०२५ मध्ये समय रैनाच्या ‘इंडियाज गॉट लेटंट’ या यूट्यूबवरच्या विनोदी शोवर गुन्हे नोंदले गेले आणि त्यानं सगळे भाग उतरवले. माझं मत असं : दुबळ्या माणसाला हसणारा विनोद मला नको असतो, पण तो बंद पाडायला पोलीस लागावेत हे त्याहून वाईट. नवीन मुलांनी एवढं करावं की खऱ्या, खासगी माणसाचं नाव घेऊन आरोप करू नयेत. बतावणीतला सोंगाड्याही पात्र उभं करूनच बोलायचा.

आवडलेले जुने भाग अचानक गायब का होतात?

जुन्या सिनेमांवरच्या ‘नॉस्टॅल्जिया क्रिटिक’सारखे समीक्षेचे कितीतरी शो ब्लिप नावाच्या साइटवर होते. ती मोठ्या कंपनीनं विकत घेतली आणि ऑगस्ट २०१५ मध्ये बंद केली. काही शो दुसरीकडे गेले, काहींचे जुने भाग विखुरले. दुसऱ्याच्या जागेवर घर बांधल्यावर हे होणारच. म्हणून आपल्याकडच्या मुलांना मी सांगते की मूळ फाइल दोन हार्ड डिस्कवर ठेवा, वेगवेगळ्या घरी. कृष्णेच्या पुरात २०१९ ला सांगलीत घरांघरांत पाणी शिरलं होतं. एकाच कपाटात दोन्ही ठेवून उपयोग नाही.

विट्यात, कराडात किंवा आमच्या गावात असा शो सुरू करायचाय. पहिला खर्च कशावर करू?

आवाजावर. मोबाइलचा कॅमेरा पुरतो, पण वाऱ्यात आणि रस्त्याच्या गोंगाटात रेकॉर्ड झालेलं बोलणं कुणी दोन मिनिटांवर ऐकत नाही. कॉलरचा साधा माइक घ्या. शूटिंग उसाच्या हंगामात रस्त्याकडेला ठेवू नका, ट्रॅक्टरवरची गाणी माइकमध्ये येतात आणि वर कंटेंट आयडी त्या गाण्यावर हक्क सांगते.

लिहिताना बोली सोडू नका. ‘पुण्याच्या लोकांना कळेल का’ म्हणून शब्द बदलले की संवाद कोरडे होतात. कळतं त्यांना. समीक्षेचा शो करणार असाल तर मुंबईत आधीच शंभर लोक बोलत असलेल्या सिनेमापेक्षा जवळचं काही घ्या : कामगार कल्याणची नाट्यस्पर्धा, राज्य नाट्य स्पर्धेचं सांगली केंद्र, जत्रेतला तमाशा. त्यावर कॅमेऱ्यासमोर जाणकारीनं बोलणारं मला अजून भरपूर हवं आहे.

तुमचा स्वतःचा सगळ्यात आवडता कोणता?

समीक्षेत ‘एव्हरी फ्रेम अ पेंटिंग’, कारण एकाही भागात मोठेपणा दाखवण्यासाठी बोललेलं वाक्य नाही. विनोदात ‘गावाकडच्या गोष्टी’चे सुरुवातीचे भाग. त्यात नवखेपणा दिसतो, एखादा नट संवाद विसरून सावरतो तेही तसंच ठेवलंय असं वाटतं, आणि तरी एका भागावर थांबता येत नाही. हे दोन्ही एका रविवारी दुपारी बसून बघता येतात. आधी विनोद लावा, मग समीक्षा.